‘माझ्याकडे अख्खा तबेला आहे’ : केविन कॅश बोलला ती टीका की धमकी?

जर्सीकर

इथे बेसबॉल बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील, पण विषय क्रिकेटवाल्यांनाही चघळता येईल असा आहे, म्हणून धागा काढतोय.

प्रकार १ सप्टेंबर २०२० चा. कोविडमुळे हंगाम १६२ ऐवजी ६० सामन्यांचा, स्टेडियम ओस. न्यूयॉर्कमध्ये यँकीज विरुद्ध टॅम्पा बे रेज. पहिल्याच इनिंगमध्ये यँकीजच्या मासाहिरो तानाकाचा बॉल रेजच्या जोई वेंडलला लागला. नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये यँकीज ५-३ असे पुढे, तीनपैकी दोन आउट, आणि यँकीजच्या अरोल्डिस चॅपमनचा ताशी १०१ मैलांचा बॉल थेट रेजच्या माइक ब्रोसोच्या डोक्याच्या रोखानं आला. ब्रोसो वेळेवर वाकला म्हणून बॉल वरून गेला. पुढे तो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला, सामना संपला, आणि मग दोन्हीकडचे खेळाडू मैदानात उतरले. हातापायी झाली नाही, शिवीगाळ भरपूर.

त्यानंतर रेजचा मॅनेजर केविन कॅश पत्रकारांसमोर बसला. तो म्हणाला की वेंडलला मुद्दाम मारलं हे लख्ख दिसत होतं, यँकीजनी प्रकरण नीट हाताळलं नाही, अंपायरनी तर त्याहून नाही. त्या संघात चुकीचं शिकवलं जातंय, चुकीचं खपवून घेतलं जातंय. आणि शेवटी : माझ्याकडे ताशी ९८ मैलांनी बॉल टाकणाऱ्यांचा अख्खा तबेला आहे. विषय संपला.

मेजर लीगनं चॅपमनला ३ सामन्यांची बंदी घातली (अपिलात २ झाली). यँकीजचा मॅनेजर आरन बून याला चॅपमनच्या कृत्याबद्दल १ सामना. आणि कॅशला बोलल्याबद्दल १ सामना.

माझं मत : कॅशनं बोलायलाच हवं होतं, आणि चारचौघांतच बोलायला हवं होतं. अंपायरनी ताकीद देण्यापलीकडे काही केलं नाही. लीगकडे खाजगीत तक्रार केली असती तर ती फायलीत गेली असती. शिवाय त्यानं एकट्या चॅपमनला धरलं नाही, त्याला शिकवणाऱ्यांना धरलं. मॅनेजरवर मॅनेजरनं बोलणं यात गैर काय?

(नवख्यांसाठी : बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे दौऱ्यावर बॅगा मोजणारे गृहस्थ नव्हेत. कोण खेळणार, पिचर (बॉल टाकणारा) कधी बदलायचा, हे सगळं तोच ठरवतो. संघाचा गणवेश घालून डगआउटमध्ये बसतो.)

—

ब्रॉन्क्सचे काका

जर्सीकर, गोष्ट सोयीच्या पानापासून सुरू केलीत. दोन वर्षं मागे जा की! २७ सप्टेंबर २०१८. आमच्या, म्हणजे यँकीजच्या, सीसी साबाथियाचा बॉल रेजच्या जेक बॉवर्सच्या हाताला लागला. लगेच रेजच्या अँड्र्यू किट्रेजनं आमच्या ऑस्टिन रोमाइनच्या डोक्याकडे बॉल टाकला. मग साबाथियानं पुढच्या इनिंगमध्ये त्यांच्या कॅचरला मारलं आणि अंपायरनी साबाथियाला बाहेर काढलं. त्याला करारातले पाच लाख डॉलर मिळायला फक्त दोन इनिंग कमी होत्या. माणसानं पाच लाखांवर पाणी सोडलं! (नंतर यँकीजनी ते त्याला दिले, ती गोष्ट वेगळी.)

तेव्हाही रेजचा मॅनेजर हाच कॅश होता. किट्रेजला त्या दिवशी कोणी काय शिकवलं होतं? दुसऱ्याच्या शाळेवर बोट ठेवण्याआधी आपल्या वर्गातला आवाज ऐकावा.

चॅपमनचं समर्थन करत नाही. डोक्याकडे बॉल टाकणं वाईटच. पण कॅश काही साधुसंत नव्हे.

—

चिंगी_दादरची

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण हे वाचून ऑस्ट्रेलियाविरुद्धची सिडनी कसोटी आठवली. जानेवारी २००८. हरभजन-सायमंड्स प्रकरण, अंपायर बकनरचे निर्णय, शेवटच्या दिवशी दिवस संपता संपता हरलेला सामना. त्यानंतर कर्णधार कुंबळे पत्रकारांसमोर आला आणि एकच वाक्य बोलला : खेळाच्या भावनेनं फक्त एकच संघ खेळत होता. बस. आवाज चढला नाही, कोणाचं नाव घेतलं नाही, ‘पुढच्या सामन्यात बघून घेऊ’ नाही. पुढे पर्थला आपण जिंकलो.

तुमच्या कॅशचं पहिलं अर्धं बोलणं याच जातीचं आहे. तिथेच उठून गेला असता तर मी त्याच्या बाजूने असते. तबेला काढला आणि घालवलं. आपल्याकडे गल्लीत भांडण झालं की कोणीतरी म्हणतोच, ‘आमची पण पोरं आहेत’. ते आणि हे एकच.

—

जर्सीकर

@ब्रॉन्क्सचे काका : २०१८ चं मान्य. पण या न्यायानं गेलं तर आधी कोणी टाकला हे शोधत आपण शंभर वर्षांपूर्वीच्या बेब रूथपर्यंत जाऊ.

@चिंगी_दादरची : कुंबळेचं उदाहरण चांगलं आहे, पण त्याच्या मागे बीसीसीआय उभं होतं. दौरा अर्धवट सोडण्याची भाषा सुरू झाली होती, बकनरला पर्थच्या सामन्यातून काढलं गेलं. दंडेली करायला बोर्ड होतं म्हणून कर्णधाराला सभ्य राहणं परवडलं. रेज म्हणजे लीगमधल्या कमी पगार देणाऱ्या संघांपैकी एक, समोर यँकीज. कॅशसाठी कोण धावून येणार होतं?

—

हाडांचा_डॉक्टर

इथे सगळे शब्दांवर भांडताहेत, बॉलवर कोणीच नाही.

पिचरच्या उंचवट्यापासून होम प्लेटपर्यंतचं (जिथे बॅटर उभा असतो) अंतर १८.४४ मीटर. पिचर पुढे झेपावून सोडतो, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी. १०१ मैल म्हणजे ताशी १६२ किलोमीटरच्या पुढे. बॅटरकडे सेकंदाचे जेमतेम चार दशांश असतात. क्रिकेटमध्ये बाउन्सर टप्पा पडून येतो, वेग थोडा मरतो, निदान टप्पा दिसतो तरी. इथे टप्पा नाहीच. हेल्मेट आहे, पण गाल, जबडा, डोळा बऱ्यापैकी उघडा.

ऑगस्ट १९२० मध्ये न्यूयॉर्कलाच क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या (आडनाव तेच, योगायोग) डोक्यात यँकीजच्या कार्ल मेजचा बॉल बसला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मेजर लीगच्या सामन्यात बॉल लागून मेलेला तो एकमेव खेळाडू. आपल्याकडे नरी कॉन्ट्रॅक्टर १९६२ मध्ये बार्बाडोसला कवटी फुटून मरता मरता वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

आता सांगा, ‘माझ्याकडेही तसे टाकणारे पुष्कळ आहेत’ हे वाक्य कोणाच्या तोंडी शोभतं? प्रेक्षकाच्या शोभेल, खेळाडूच्या रागाच्या भरात एकवेळ खपेल. पण ते टाकणारे ज्याच्या इशाऱ्यावर मैदानात जातात तोच हे बोलला. डोक्यावर बॉल टाकू नका म्हणायचं आणि आमच्याकडेही डोक्यावर टाकणारे आहेत हेही म्हणायचं! लीगनं १ सामन्यावर सोडलं, स्वस्तात सुटला.

—

बुचकळ्यात

डॉक्टरांशी १००% सहमत. एक बारीकशी शंका : ‘डोक्यावर टाकू’ असं कॅश म्हणाला नव्हता ना?

—

हाडांचा_डॉक्टर

@बुचकळ्यात : नाही. सुरा टेबलावर ठेवणारा तरी कुठे म्हणतो भोसकीन म्हणून.

—

जुनं_रद्दीवालं

प्रतिस्पर्ध्यावर मॅनेजर बोलला आणि तोंडघशी पडला, याचं सगळ्यात सुंदर उदाहरण १९३४ चं आहे. सांगतोच, कोणी विचारलं नाही तरी.

न्यूयॉर्क जायंट्स १९३३ चे वर्ल्ड सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांची अंतिम मालिका) विजेते. मॅनेजर बिल टेरी, जो स्वतः फर्स्ट बेसही खेळायचा आणि फार मोठा बॅटर होता. १९३४ च्या सुरुवातीला पत्रकार विचारत होते, यंदा कोणाकोणाशी सामना अवघड जाईल? कोणीतरी ब्रुकलिन डॉजर्सचं नाव काढलं. टेरी उत्तरला : ब्रुकलिन? ते अजून लीगमध्ये आहेत का?

ब्रुकलिन तेव्हा खरंच रद्दी संघ होता. पण शहर तेच, नदीपलीकडचा शेजारी. वाक्य ब्रुकलिनच्या घराघरात गेलं. हंगामभर जायंट्स पुढे राहिले, सप्टेंबरच्या सुरुवातीला सात सामन्यांची आघाडी होती. मग घसरगुंडी. शेवटचे दोन सामने उरले तेव्हा जायंट्स आणि सेंट लुई कार्डिनल्स बरोबरीत. आणि ते दोन सामने कोणाविरुद्ध? ब्रुकलिन! जायंट्सच्याच मैदानावर! ब्रुकलिनचे लोक नदीवरचे पूल ओलांडून फलक घेऊन आले की होय, आम्ही अजून लीगमध्ये आहोत. शनिवारी ब्रुकलिन ५-१ नं जिंकलं, रविवारी दहा इनिंगमध्ये ८-५ नं. कार्डिनल्स लीगमध्ये अजिंक्य झाले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही घेऊन गेले. ब्रुकलिन स्वतः सहावं आलं, पण त्यांचं काम झालं होतं.

त्या वर्षी ब्रुकलिनचा मॅनेजर होता केसी स्टेंगल. त्याला खेळाडूंना पेटवायला भाषण करावं लागलं नसेल, टेरीनं आधीच करून ठेवलं होतं.

माझा मुद्दा : कॅशला टेरीच्या पंगतीला बसवू नका. टेरीनं दुबळ्याची टिंगल केली. कॅशनं बलवानाकडे जाब मागितला.

—

ब्रॉन्क्सचे काका

रद्दीवाले, किस्सा झकास. पण ‘दुबळा’, ‘बलवान’ हे काय लावलंय? त्या २०२० च्या हंगामात रेजनी आम्हाला दहापैकी आठ सामन्यांत हरवलं. पगार कमी असेल, संघ दुबळा नव्हता. उलट जिंकणाऱ्यांनी जास्त जपून बोलावं.

—

अ‍ॅडलेडचा_जावई

चिंगीताईंच्या सिडनीला अ‍ॅडलेडची जोड देतो. जानेवारी १९३३, बॉडीलाइन (बॅट्समनच्या अंगावर बॉल टाकायचा इंग्लंडचा डावपेच). इंग्लंडच्या लारवुडचा बॉल ऑस्ट्रेलियाचा कर्णधार वुडफुलच्या छातीवर बसला. इंग्लंडचे मॅनेजर पेल्हम वॉर्नर विचारपूस करायला ड्रेसिंगरूममध्ये गेले तेव्हा वुडफुल म्हणाला की इथे दोन संघ आहेत, एक क्रिकेट खेळतोय, दुसरा नाही. कुंबळेचं वाक्य त्याच वाक्याचा नातू. (लारवुडला तसं टाकायला लावणारा कर्णधार जार्डिन जन्मानं मलबार हिलचा, म्हणजे मुंबईकरच म्हणायचा.)

पण लक्षात घ्या, वुडफुल हे जाहीर बोलला नव्हता. बंद दाराआड बोलला, बातमी फुटली, आणि कोणी फोडली यावरच पुढे वर्षानुवर्षं भांडणं झाली. म्हणजे जर्सीकर म्हणतात तसं चारचौघांत बोलायची त्याची तयारी नव्हती. तरीही हलकल्लोळ झाला, दोन्ही बोर्डांत तारांची लढाई झाली आणि शेवटी नियम बदलला. जे बदललं ते वाक्य बाहेर पडल्यामुळेच, खाजगीत राहिलं असतं तर वॉर्नर साहेब चहा पिऊन परत गेले असते.

त्यामुळे मी मध्ये. बोलावं, जाहीर बोलावं. तबेला काढू नये.

—

चिंगी_दादरची

जावईबापू, ‘मध्ये’ कुठे? तुम्ही माझ्याच बाकावर येऊन बसलात.

—

लेफ्टी

मी टॅम्पाच्या बाजूचा, उशिरा आलो. कॅशला झोडपताय तर पुढचंही लिहा.

दुसऱ्या दिवशी, २ सप्टेंबरला, त्याच ब्रोसोनं त्याच मैदानावर दोन होमरन मारले. रेज ५-२ नं जिंकले. मग ९ ऑक्टोबर, सॅन डिएगो, डिव्हिजन सिरीजचा (बाद फेरीतली मालिका, पुन्हा यँकीजविरुद्ध) पाचवा आणि निर्णायक सामना. आठवी इनिंग, १-१. समोर चॅपमन. ब्रोसो दोन स्ट्राइक मागे, आणखी एक की आउट. एकेक बॉल फाउल करत, सोडत, दहाव्या बॉलवर ताशी १०० मैलांचा फास्टबॉल त्यानं लेफ्ट फील्डच्या भिंतीपलीकडे घालवला. २-१. यँकीज घरी. आणि हा ब्रोसो कोण, तर ज्याला कॉलेजनंतर ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) एकाही संघानं उचललं नव्हतं.

तबेल्यातून जे बाहेर आलं ते हे. म्हणून म्हणतो, ती धमकी नव्हती. मॅनेजर आपल्या पोरांना सांगत होता की मी तुमच्या मागे आहे. ऐकणारे यँकीज नव्हतेच, ऐकणारे त्याच्याच ड्रेसिंगरूममध्ये होते.

—

हाडांचा_डॉक्टर

@लेफ्टी : होमरन झाला हे छानच. पण महिन्याभरानंतरच्या होमरननं आदल्या वाक्याचा अर्थ बदलत नाही. ब्रोसो त्या रात्री दहाव्या बॉलवर आउट झाला असता, तर वाक्य धमकी ठरलं असतं का?

आणि ‘आपल्या पोरांना सांगत होता’ हे खरं असेल तर ड्रेसिंगरूमचं दार लावून सांगायचं. पुढे रेजचे खेळाडू घोड्यांचं चित्र असलेले तबेल्याचे टीशर्ट घालून फिरले. एका माणसाच्या डोक्यावरून बॉल गेल्याची गोष्ट महिन्याभरात टीशर्टवर आली. वेंडल, अंपायर, शिकवण, जे खरोखर बोलण्यासारखं होतं त्यातलं टीशर्टवर काय उरलं?

—

जर्सीकर

डॉक्टर, हा मुद्दा बिनतोड आहे, पण तो टीशर्टवाल्यांच्या विरुद्ध आहे. तबेला काढला नसता तर आज आपण त्या सामन्यावर बोलत असतो का? कॅशचं पहिलं अर्धं बोलणं कितीही खरं असो, दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत मथळा तबेल्याचाच होता. पत्रकारांना सभ्य वाक्य विकता येत नाही. कॅशला ते ठाऊक असणार.

आणि लीगच्या तराजूचं काय? ज्याच्या पिचरनं डोक्याकडे टाकला त्या मॅनेजरला १ सामना, आणि जो त्यावर बोलला त्यालाही १ सामना. यावर अजून एकानंही तोंड उघडलेलं नाही.

—

अ‍ॅडलेडचा_जावई

त्यावर मी तुमच्यासोबत. ती शिक्षा बघून कुठलाही मॅनेजर एवढंच शिकेल की टाकला काय आणि बोललो काय, भाव एकच.

—

ब्रॉन्क्सचे काका

कॅशचं भाग्य बघा. त्याच वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला. आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात रेजचा पिचर ब्लेक स्नेल डॉजर्सना (आता लॉस एंजेलिसचे) नाचवत असताना ७३ बॉलनंतर त्याला उठवून आणलं, सामना गेला, सिरीज गेली. तेव्हा सगळा देश कॅशला शिकवत होता. तबेला भरलेला असला तरी कुठला घोडा कधी काढायचा हे कळावं लागतं.

बाकी चर्चा चालू द्या. फक्त त्या दहाव्या बॉलचं वर्णन या धाग्यावर पुन्हा कोणी करू नये, ही नम्र विनंती.

—

लेफ्टी

@ब्रॉन्क्सचे काका : काका, दहावा राहू दे, नववा सांगू का?