पिकअपला साधं पेट्रोल का ९५ वालं? घाट चढताना टकटक आवाज येतोय

गूळगाडी_कागल:
मंडळी जरा सांगा. छोटी पेट्रोल पिकअप हाय, बीएस ६, २०२१ चं मॉडेल, सेकंडहॅन्ड घेतलीया. जाताना कोकणात गूळ आणि भाजी, येताना नारळ नायतर चिरा (जांभा दगड). करूळ घाट चढताना तिसऱ्या गिअरला पाय दाबला की इंजिनातनं टकटकटक, डब्यात खडे हलवल्यागत, आणि गगनबावडा आलं की बंद. सपाटीला काय बी न्हाई. पंपावरचं पोरगं म्हणतंय ९५ ऑक्टेनचं प्रीमियम टाका, ताकद वाढती, अ‍ॅव्हरेज पण वाढतंय. लिटरला सात-आठ रुपये जास्त जात्यात पण गाडी चांगली राहणार असंल तर टाकतो की. त्यात यूट्यूबवर एक अमेरिकेतला माणूस बघितला, त्याच्या भल्यामोठ्या पिकअपला ८७ टाकतोय आणि हेच बास म्हणतोय. मग आपलं साधं ९१ त्याच्यापेक्षा भारी झालं का? डोकं चक्रावलंय.

रंकाळा_९१:
आधी ते ८७ चं बघू. तिकडच्या पंपावर जो आकडा लिहितात तो ऑक्टेन मोजायच्या दोन टेस्टची सरासरी असते, रॉन आणि मॉन. आपल्याकडं फक्त रॉन लिहितात आणि रॉनचा आकडा जास्त येतो. त्यामुळं त्यांचं ८७ आणि आपलं ९१ साधारण एकच माल आहे. त्यांच्या व्हिडिओवरनं आपल्या पंपावरचा आकडा ठरवू नका.

आता ताकदीचं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे, दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची तयारी. प्लगची ठिणगी पडली की जाळ एका बाजूनं पसरत जायला पाहिजे, पण सिलिंडर तापलेलं आणि लोड फुल्ल असला की जाळ पोचायच्या आधीच लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःच फुटतं, तोच तुमचा टकटक आवाज, नॉकिंग म्हणतात त्याला. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हे जास्त सहन करतं एवढंच. जास्त कॉम्प्रेशनचं किंवा टर्बो इंजिन असेल तर त्याचा फायदा मिळतो, साध्या लोडिंगच्या गाडीला नाही. पंपावरचं पोरगं प्रीमियम विकायला उभं आहे, त्याला दोष देत नाही मी, पण अ‍ॅव्हरेज वाढतं हे काही पटत नाही.

आणि एक, आता पंपावर जे साधं मिळतं ते ई२० आहे, २० टक्के इथेनॉल. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, त्यामुळं साध्याचाच रॉन ९५ पर्यंत गेलाय असं पेट्रोलियम मंत्रालयानंच सांगितलंय. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या उसानं तुमचा ऑक्टेन फुकटात वाढवलाय 😄 फक्त इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, ते प्रीमियम टाकून भरून निघत नाही. गाडीच्या पुस्तकात बघा, बहुतेक ९१ किंवा त्याच्या वरचं असंच लिहिलेलं असेल.

उद्यमनगर_फिटर:
भावा पेट्रोल राहू दे बाजूला, आधी सांग चिरा किती भरतोस?? पासिंग साधारण सातशे किलोचं आणि त्यात चिऱ्याचा ढीग, वरनं घाटाला तिसरा गिअर, मग इंजिन वरडणारच की. आवाज आला की पाय सोड आणि दुसरा टाक, आरपीएम वर राहू दे. कमी आरपीएमला पाय पूर्ण दाबून गाडी ओढायला लावली की नॉकिंग सगळ्यात जास्त होतंय.

त्याच्यानं बी नाय थांबलं तर प्लग काढून बघ. सेकंडहॅन्ड गाडीत आधीच्या मालकानं कुठला नंबर बसवलाय देव जाणे, जास्त गरम चालणारा प्लग असला की त्याचं टोकच लाल होऊन मिश्रण पेटवतंय. कूलंट बघ, रेडिएटरची जाळी चिखलानं भरली असंल तर प्रेशरनं धू पण पत्ती वाकवू नको. पिस्टनच्या डोक्यावर कार्बन साठला तरी हेच होतंय. आणि नॉक सेन्सर असतोय इंजिन ब्लॉकला, त्याला आवाज कळला की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगी जरा उशिरा टाकतंय, ताकद थोडी कमी होती पण इंजिन वाचतंय. तुझ्या गाडीत आवाज सारखा येतोय म्हंजे त्या सेन्सरची वायर तपास, गोडाऊनात लावलेल्या गाडीची वायर उंदरं लई खात्यात.

गूळगाडी_कागल:
चिऱ्याचं इथं नको विचारूस मर्दा 😅 प्लगचा नंबर बघतो. मग ९५ टाकूच नको का?

रंकाळा_९१:
एकदा टाकून बघा की, पण तपासणी म्हणून. टाकी खाली आल्यावर प्रीमियम भरा, तोच घाट, तेवढाच माल, तोच गिअर. आवाज कमी झाला तर खरंच नॉकिंग आहे, मग फिटरभाऊंनी सांगितलेली कामं करून परत साध्यावर या. तसाच राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) नाहीतर सायलेन्सरवरचा पत्रा ढिला, त्यात पेट्रोलचा संबंध नाही. १०० ऑक्टेनच्या नादाला मात्र लागू नका, ते लिटरला दीडशेच्या पुढं जातं आणि या इंजिनाला त्याचा उपयोग शून्य.

राधानगरीकर:
एक राहिलं, पाणी. आपल्या भागात पावसात टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं असलं तर पाणी आत जातंच, आणि इथेनॉल त्या पाण्याला धरून तळाला बसतंय, वर जे पेट्रोल उरतंय त्याचा ऑक्टेन घसरलेला. म्हणजे ९५ चे पैसे देऊन ९५ मिळत नाही. झाकणाचं रबर बदला, पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी आठ-आठ दिवस उभी करू नका. २०२१ ची गाडी म्हणजे ई२० च्या आधीची, तेव्हा पेट्रोलचे पाइप पण एकदा हातानं दाबून बघा, चिरा पडल्यात का. (या चिरा वेगळ्या 😀)

पंपाचाच संशय असेल तर फिल्टर पेपर मागा, गिऱ्हाइकाला मागायचा हक्क आहे. नॉझलवरचा एक थेंब पेपरवर टाकायचा, उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळ. रॉकेल मिसळलं की ऑक्टेन धाडकन खाली येतो.

शिरोली_ट्रान्सपोर्ट:
आमची डिझेल पिकअप हाय, आम्ही कितीचा ऑक्टेन बघायचा?

उद्यमनगर_फिटर:
डिझेलला ऑक्टेन नसतोय दादा, सिटेन असतोय, बीएस ६ डिझेलला ५१ च्या वर. तिथं उलटं काम, पटकन पेटलं पाहिजे. तुमच्या गाडीत कोण ९५ भरायला लागला तर नॉझल हिसकावून घ्या, आणि भरलंच तर किल्ली न फिरवता गाडी ढकलत बाजूला घ्या, टाकी तिथंच रिकामी करायची.