मदत हवी आहे: विहिरीची पातळी धरू की बोअरची? (सांवेर, इंदूर)

नमस्कार मंडळी, मी इंदूरला एमएस्सी जिऑलॉजी करतेय, शेवटचं सेमिस्टर, डिसर्टेशन भूजलावर. सांवेरकडची चार गावं घेतलीत. सपाट काळी माती, खाली बेसॉल्ट, सोयाबीन निघालं की गहू नाहीतर लसूण-बटाटा, म्हणजे सगळी भिस्त विहीर नि ट्यूबवेलवर. मे आणि नोव्हेंबरमध्ये पातळ्या मोजल्या, 14 विहिरी, 9 बोअर (एका बोअरमध्ये टेप पंपाच्या केबलला अडकून तिथेच राहिला, ते काका अजून फोन करतात, "मॅडम, टेप लेने कब आ रहे हो").

तर झालंय असं की विहिरींचं पाणी सरासरी 6 मीटर चढलं, पण एका विहिरीपासून वीस पावलांवरच्या 250 फुटी बोअरमध्ये मेत 38 मीटरवर होतं ते नोव्हेंबरात 17 वर, म्हणजे तब्बल 21 मीटर! पावसाचं किती पाणी मुरलं ते काढायला चढ गुणिले स्पेसिफिक यील्ड (भिजलेल्या खडकातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचा हिस्सा), तो बेसॉल्टला 2 टक्के धरला तर विहिरीवरून 120 मिमी येतं आणि बोअरवरून 420. आता इथे पाऊसच सरासरी 950 मिमीच्या आसपास, त्यातला जवळजवळ निम्मा जमिनीत मुरला म्हणायचं का? सर म्हणाले सरळ ॲव्हरेज काढ. मला पटत नाहीये, पण का पटत नाही ते लिहिता येत नाहीये. प्लीज कोणीतरी सांगा, सोमवारी प्रेझेंटेशन आहे.

मुरूमवाला: ॲव्हरेज अजिबात नको. बेसॉल्ट थराथरांचा. वर मुरूम, मग आमच्या सोलापूरकडे मांजऱ्या म्हणतात तो जाळीदार खडक, खाली काळा पाषाण, मधेच कुठेतरी लाल मातीचा पट्टा. विहीर वरच्या थरातलं पाणी दाखवते. बोअरला लागतं ते खालच्या फटींतलं, दाबाखालचं, तिथे पाणी थोडंसं वाढलं तरी पातळी झटकन चढते, 2 टक्के तिथे लावायचेच नाहीत. तुझे 120 मिमी म्हणजे पावसाच्या 13 टक्क्यांच्या जवळ, जाळीदार बेसॉल्टला मुरण्याचं प्रमाण तेवढंच धरतात, म्हणजे ताळा जमतोय. बोअरचं टेबल वेगळं ठेव. आणि मोटर बंद करून किती वेळाने मोजलंस? कठड्याची उंची वजा केलीस ना?

माळवी_मुलगी: कठडा केलाय हो वजा. मोटरचं मात्र… ते 38 वालं बंद केल्यावर दहाच मिनिटांनी घेतलं, त्यांना परत चालू करायची घाई होती.

मुरूमवाला: झालं मग. ती उपशाने खाली गेलेली पातळी, खरी नव्हे, काढून टाक ते रीडिंग. पहाटे जायचं, रात्रभर मोटर बंद असेल तेव्हा, टेपला खडू फासून, म्हणजे कुठपर्यंत भिजला ते दिसतं.

रामबागचे_काका: आमची शेती तिकडेच आहे म्हणून सांगतो. गव्हाला एक पाणी म्हणजे 60 मिमी धर, तर तुझ्या 120 मध्ये दोन पाणी झाली, गहू मागतो चार-पाच. दिवाळीला तुडुंब असलेली विहीर संक्रांतीला तळ दाखवते ती उगाच नाही.

माळवी_मुलगी: काका, हे स्लाइडमध्ये घालतेय! उद्या पहाटेच निघते, मोजणं पण होईल आणि टेप पण निघतो का बघते.