उत्तर: ऑडिशनला सगळ्यांत अवघड कॉन्चेर्टोच हवा का?
फ्लूटच्या मास्टर्स ऑडिशनसाठी जमेल तितका अवघड कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) बसवावा का, असं वर विचारलंय. मला तसं अजिबात वाटत नाही. मोझार्टचा जी मेजर कॉन्चेर्टो बहुतेक ठिकाणी चालतो, आणि त्यात कच्चेपणा लपवायला जागाच नसते.

खरा कस लागतो ऑर्केस्ट्रातल्या उताऱ्यांत. फ्रेंच संगीतकार द्यबुसीच्या १८९४च्या ‘फॉन’ची (‘प्रेल्यूड टू द आफ्टरनून ऑफ अ फॉन’ या ऑर्केस्ट्रा-रचनेची) सुरुवात घ्या. पहिलाच सूर सी शार्प, आणि सोबतीला कुणी नाही. या सुराला जवळजवळ सगळ्या कळा उघड्या असतात, त्यामुळे तो पातळ लागतो आणि चढतो. ट्यूनर समोर ठेवून फक्त हा एक सूर हळुवार सुरू करायचा रियाज रोज करा. आधी फुंकेची फुसफुस आणि मग सूर, असं होता कामा नये. मेंडेल्सोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधल्या स्केर्झोत, म्हणजे त्या चपळ, वेगवान भागात, मात्र श्वासाच्या जागा आधीच पेन्सिलीने पक्क्या करा.

प्री-स्क्रीनिंगचा, म्हणजे प्रत्यक्ष ऑडिशनआधीच्या निवडफेरीचा, व्हिडिओ मागितला असेल तर ध्वनिमुद्रणाची पातळी आपोआप जुळवणारं सेटिंग आधी बंद करा. नाहीतर तुम्ही जीव ओतून वाजवलेलं पियानिसिमो (अगदी हळू) आणि फोर्टे (जोरात) परीक्षकांना जवळपास सारखंच ऐकू येईल.