बॅटरीच्या भट्टीशेजारच्या वाफ्यातली मेथी खावी का?

शिवारातला: आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळायची भट्टी होती. गेल्या वर्षी बंद झाली, पण काळपट माती तशीच पडून आहे. त्या कडेच्या वाफ्यात आई मेथी-पालक लावते, पुतणी तिथंच खेळते. माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश सगळं ठीक आलंय. मग काळजी नको ना?

मृदा_ताई: दादा, काळजी करा. त्या परीक्षणात शिसं पाहतच नाहीत. जड धातूंची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. वरच्या थराचा नमुना वेगळा द्या. शिसं तिथंच धरून बसतं, कुजत नाही, पावसानं सहजी खाली जात नाही. आणि मेथीच्या आधी पुतणीकडे बघा. मुलांच्या पोटात शिसं जातं ते मुख्यतः हाताला लागलेल्या धुळीतून. सेनेगलमध्ये डाकारजवळ थियारॉय-सुर-मेर इथं 2007-08 मध्ये बॅटऱ्यांच्या अशाच मातीनं 18 मुलं दगावली. तिच्या रक्तातलं शिसं लगेच तपासून घ्या.

शिवारातला: वाचून झोप उडाली. उद्याच नेतो तिला. मातीत चुना टाकला तर?

मृदा_ताई: आम्लधर्मी मातीत चुन्यानं पिकात जाणारं शिसं कमी होतं, धुळीतलं तसंच राहतं. पालेभाजी तिथून हलवाच.

रानवाट: ती काळी माती स्वतः उकरू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.