अनुभव धागा: गाडी बाजूला लावून काढलेली झोप

चिंचपाणी
परवा रात्री शिर्डीहून येताना सिन्नरच्या अलीकडे आमचं चाक बसलं. नवरा स्टेपनी चढवत होता, मी मोबाइलचा उजेड धरून उभी. पुढे एक कंटेनर उभा होता. त्याच्या ड्रायव्हरने ट्रेलरच्या पोटाखाली चादरीची झोळी बांधली, एकदा हात दाबून गाठ बघितली आणि वाघूळ शिरावं तसा आत शिरला. पाच मिनिटांत घोरणं सुरू. वरून गाड्या धडधडत जातायत आणि हा गाढ.

माझे आप्पा ट्रकवर होते. लासलगावचा कांदा भरून थेट कलकत्त्यापर्यंत जायचे. घरी आले की पलंगावर झोपायचे नाहीत. जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीला पाठ लावून. सीटवर तेवढीच जागा असायची ना! आई म्हणायची, "अहो पाय पसरा, घर आहे हे." पसरायचे आणि झोप लागली की परत मुटकुळं.

त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला अजून एक पांढरट वळ आहे. गाडीत झोपताना अंगठ्याला सुतळी बांधायचे, तिचं दुसरं टोक खिडकीतून वर हौद्याकडे. कुणी ताडपत्री सोडायला लागलं तर हिसका बसावा म्हणून, असं आईने आम्हाला सांगितलेलं.

तुमच्या घरचं कुणी गाडीवर असेल, तुम्ही स्वतः असाल, एस्टीवाले असाल, तर लिहा. कुठे झोपलात, कसे झोपलात, झोपलात का तरी.

घाटमाथ्यावरचा
जकात नाका. बास, विषय संपला.
नाही, लिहितोच. २०१७ च्या आधी मुंबईत माल घेऊन जायचं म्हणजे रात्र रांगेत. पंधरा-वीस मिनिटांनी एक गाडी सरकणार. झोपलास तर मागचा हॉर्नवर हात ठेवून बसणार, नाही झोपलास तर सकाळी शहरात क्लच दाबताना पाय थरथरणार. मग आमचा क्लीनर खाली चालत राहायचा. रांग हलली की दारावर थाप, "वस्ताद, फर्स्ट टाका." मी अर्धवट डोळ्यांनी फर्स्ट टाकायचो, दहा फूट पुढे, परत मान स्टिअरिंगवर. अशी बारा तुकड्यांची झोप. जुलैत जीएसटी आला, जकात गेली. त्यानंतरच्या पहिल्या फेरीला नाक्याची जागा आली तसा पाय आपोआप ब्रेकवर. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. क्लीनर हसून बेजार.

दुपारची_भाकरी
चिंचपाणी, काय गं लिहिलंस. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यात, येते परत.

सौ_मोटारवाली
लग्नानंतर दोन महिन्यांनी ह्यांच्यासोबत गाडीवर गेले होते, इंदूरपर्यंत. सासूबाई म्हणाल्या जाऊन बघ तरी नवरा काय करतो. मला मागच्या फळीवर झोपायला दिलं, स्वतः बोनेटवर गोधडी टाकून. इंजिन मध्यरात्रीपर्यंत तापलेलं असतं. ह्यांची पाठ सकाळी शेकलेल्या पापडासारखी. मला म्हणाले थंडीत बरं असतं. मे महिना होता!!

बाकी सगळं चाललं, पण बाथरूम. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, बायका समजतील. मी दोन दिवस पाणीच प्यायले नाही. पळासनेरच्या पुढे एका ढाब्याच्या मालकाची म्हातारी आई मला हाताला धरून घरामागे घेऊन गेली, बादलीत गरम पाणी दिलं आणि बाहेर राखण करत उभी राहिली. नाव विचारायचं राहिलं. आता ह्यांनी गाडी सोडली, आमचं पंक्चरचं दुकान आहे. पण झोपताना अजून किल्ली उशीखाली. दुकानाची.

अर्धा_कप
पळासनेर म्हटलं की शेवभाजी. काळ्या मसाल्याची, वर तेलाचा बोटभर थर. कुणाकडे खरी कृती आहे का? आमच्याकडे शेवेचा लगदा होतो.

कोल्हापुरी_मिरची
शेव ताटात वाढताना घालायची ओ! आधी नाही शिजवायची.

उसाचा_फड
कारखान्याचं यार्ड कुणी लिहिलं नाही अजून. नंबर लागेपर्यंत कधी एक रात्र, कधी दोन. सीझनला यार्डात दोन-अडीचशे गाड्या आणि शंभर प्रकारची गाणी. प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला वाटतं आपला साउंड भारी. आम्ही ट्रॉलीखाली पाचट पसरून झोपायचो. पाचटाची ऊब असते, पण कुसळं घुसतात. आणि उंदीर. एकदा माझ्या खिशातला शेंगदाण्याचा लाडू खिशासकट खाल्ला.

एक शिकलो, गाडीखाली झोपायचं तर चाकाच्या पुढे-मागे दगड आणि किल्ली स्वतःच्या कमरेला. दुसऱ्याच्या हातात किल्ली देऊन खाली झोपू नये. पुढची गाडी काढायला म्हणून कुणीतरी आपली गाडी हलवतो. आमच्या गावातला एक पोरगा तसाच गेला. लाडवाच्या गोष्टीनंतर हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

स्पष्टवक्ता
सगळं वाचून वाईट वाटतं, मान्य. पण रस्त्याच्या कडेला दिवे न लावता गाडी उभी करून झोपणाऱ्यांचं काय? माझा मावसभाऊ मोटारसायकलवरून अशाच उभ्या ट्रकच्या मागे गेला. ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, फक्त मागे झाडाची एक फांदी टाकलेली. ड्रायव्हर आत झोपला होता म्हणे. झोप त्याची, जीव दुसऱ्याचा.

वस्ताद_बावीसचाकी
स्पष्टवक्ता, तुमच्या भावाचं ऐकून बोलायला तोंड नाही. तरी बोलतो, कारण सत्तावीस वर्षं याच धंद्यात आहे.
गाडी लावायची कुठे ते सांगा. डिझेल न भरता पंपावर लावली तर तासाभरात पोरगं येऊन काच वाजवतं. ढाब्यावर जेवायला लागतं, आणि बावीस चाकाची गाडी प्रत्येक ढाब्यावर वळत नाही. टोलच्या पुढे लावली तर पोलिसाची टॉर्च. शहराच्या तोंडाशी दिवसाची नो एंट्री, ती सुटेपर्यंत सगळे कडेलाच. मग पहाटे तीनला डोळ्यांसमोर रस्त्याचे दोन रस्ते दिसायला लागतात तेव्हा माणूस मिळेल तिथे लावतो. त्या वेळी पुढे नेणं जास्त वाईट. फांदी टाकून झोपणारे चुकतातच, त्रिकोण ठेवायला दोन मिनिटं लागतात, पार्किंग लाइट लावायला एक. मी लावतो. पण बॅटरी उतरली तर सकाळी धक्का कोण मारणार, या विचाराने लावत नाहीत पुष्कळ.

आणि ते दगड! चाकाला लावलेले दगड तसेच रस्त्यावर सोडून जातात. त्यांना तर मी स्वतः शिव्या घालतो.

स्पष्टवक्ता
उत्तर दिलंत, बरं वाटलं. राग तुमच्यावर नव्हता.

तीन_गाड्या
मालक आहे, तेव्हा शिव्या खायला तयार. कायद्याचं म्हणाल तर १९६१ च्या मोटार ट्रान्स्पोर्ट कामगार कायद्यात लिहिलेलं होतं: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. पण पाचाच्या आत माणसं असली तर तो कायदा लागूच नव्हता, आणि बहुतेक मालक माझ्यासारखेच दोन-तीन गाड्यांचे. नॅशनल परमिटला दोन ड्रायव्हर लागायचे, तो नियमही २०१८ मध्ये गेला. तेव्हा आम्ही खूश झालो होतो, एक पगार वाचला म्हणून. खरं तेच सांगतो.

पार्टी फोनवर विचारते गाडी कुठे पोचली. झोपलाय म्हटलं की पुढच्या वेळी दुसऱ्याला भाडं. जीपीएस लावल्यापासून तर गाडी थांबली की मलाच मेसेज येतो. आधी मीही लगेच फोन करायचो, "का थांबला रे?" मागच्या वर्षी आमचा जुना ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, तुमचा फोन वाजला की झोप मोडते, आणि मोडली की पुन्हा लागत नाही." तेव्हापासून रात्री अकरा ते पाच फोन करत नाही. मोठं काही केलं नाही, ठाऊक आहे.

र्‍हाईनकाठी
माझा आतेभाऊ इकडे जर्मनीत ट्रक चालवतो. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचंच, गाडीतलं यंत्र सगळं नोंदवतं. आठवड्याची ४५ तासांची मोठी विश्रांती केबिनमध्ये घ्यायची नाही, बाहेर बिछान्यात घ्यायची, असाही नियम. रविवारी रात्री दहापर्यंत मोठ्या ट्रकना रस्त्यावर बंदी. ऐकायला स्वर्ग. पण पार्किंगची बोंब तिथेही! संध्याकाळी सहानंतर जागा मिळत नाही म्हणून हा पाचलाच शोधायला लागतो. म्हणतो, "इथे झोपायची सक्ती आहे, जागा नाही. आपल्याकडे जागा शोधत झोपतात."

अर्धा_कप
शेव वरून घातली आज. नवरा म्हणाला आता खाण्यासारखी झाली. म्हणजे आधी??

डाळिंबवाला
डिसेंबर, डाळिंब घेऊन दिल्लीला. मथुरेच्या पुढे इतकं धुकं की बोनेट दिसेना. गाडी लावली. ढाब्यावरून घमेल्यात निखारे आणले, केबिनमध्ये ठेवले, काचा बंद. इतकं छान वाटलं, घरी असल्यासारखं. थोड्या वेळाने क्लीनर म्हणाला डोकं धरलंय. मी म्हटलं झोप, उतरेल. माझेही पाय जड झाले होते, मला वाटलं थकवा. तेवढ्यात त्याला उलटी झाली, घाणीने मी उठलो, उभा राहायला गेलो तर राहता येईना. दाराला खांदा दिला आणि सरळ बाहेर पडलो, रस्त्यावर. त्याला पाय धरून ओढला.
डाव्या काचेला तडा होता, तिथे पुठ्ठा लावलेला. डॉक्टर म्हणाले त्या फटीने वाचलात, कोळशाच्या वायूला वास नसतो. परतीला नवी काच बसवणार होतो. दोन वर्षं नाही बसवली.
थंडीत उत्तरेला जाणाऱ्यांनो, निखारे बाहेर. कांबळी दोन घ्या.

दुपारची_भाकरी
आले परत. भाऊ कंटेनरवर आहे, न्हावाशेव्याला. २०२० च्या मार्चमध्ये नागपूरजवळ अडकला, ढाबे बंद, कंपनीचं गेट बंद. नऊ दिवस केबिनमध्ये. म्हणायचा, ताई, आयुष्यात पहिल्यांदा मनसोक्त झोपायला वेळ आहे आणि झोप येत नाही. शेजारच्या गावातली माणसं लांब भाकरी ठेवून जायची, हा उचलायचा, हात जोडायचा. जेवणापेक्षा त्याला डिझेलची चिंता. रात्री पाइपचा सुळसुळ आवाज आला की काळीज धडधडायचं. अजून घरात कुणी नळ सोडला तरी दचकून उठतो. वहिनीने टाकीचं पाणी रात्री भरणं बंद केलंय.

एसी_हवाय
२०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली ना? कुणाला मिळाली का? आमच्या शेठने जुनीच घेतली, सेकंडहँड. म्हणतो एसीत झोप जास्त लागते.

वस्ताद_बावीसचाकी
मिळाली. पुतण्याच्या गाडीला आहे. चालवताना मजा आहे, गर्मी नाही, धूळ नाही. झोपायला इंजिन चालू ठेवावं लागतं, डिझेल जळतं, भत्त्यातून कोण घालणार? म्हणून रात्री परत खिडकी उघडी आणि डास. काही पंपांवर ड्रायव्हरसाठी 'अपना घर' म्हणून खोल्या झाल्यात. एकदा राहिलो, बिछाना, पंखा, अंघोळीला पाणी, सगळं चांगलं. पण दर दीड तासाने उठून गाडी बघून आलो. सवय.

चिंचपाणी
सगळ्यांनी काय काय लिहिलंत. आज दुपारी आप्पांना वाचून दाखवलं, चष्मा सापडत नव्हता त्यांचा. जकात नाक्याला खूप हसले, "फर्स्ट टाका" दोनदा म्हणून बघितलं.

मग मी सुतळीचं वाचलं, तर म्हणाले, हे कुणी सांगितलं? ताडपत्रीला कोण कशाला बांधेल, कांदाच तो, कोण नेणार? क्लीनर पोरगा नवीन होता, सोळा-सतराचा. केबिनमध्ये दोघं मावायचे नाहीत, तो वर कांद्यावर झोपायचा. संबळपूरकडे रात्री जंगल लागतं, तिथे भ्यायचा पण हाक मारायला लाजायचा. मग सुतळीचं एक टोक त्याच्या मनगटाला, एक ह्यांच्या अंगठ्याला. "त्याने ओढलं की मी खालून खाकरायचो. बास. रात्रीतून पंधरा वेळा ओढायचा भडवा."

आईला विचारलं तर म्हणाली, मला तर चोरच सांगितलेले.

सौ_मोटारवाली
तो पोरगा कुठे असतो आता?

चिंचपाणी
त्याच्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत. दिवाळीला येतो, आप्पांसाठी विडीचं बंडल घेऊन. आम्ही लपवून ठेवतो.

उसाचा_फड
विड्या लपवू नका ओ, आमच्याकडे पाठवा.

कोल्हापुरी_मिरची
अर्धा कप, काळा मसाला घरचा आहे का विकतचा? घरचा हवा असेल तर पत्ता कळवा, आईने कालच कांडलाय. शेव मात्र जाड घ्या, बारीक शेवेचाच लगदा होतो.