अनुभव धागा: तुमच्या गावच्या शाळेत भूकंप, पूर, वादळ आलं तेव्हा

माईंड_इट_बाई:
काल लेकीच्या शाळेत मॉक ड्रिल झालं, घरी येऊन ती टेबलाखाली शिरली, म्हणे आई तू पण ये. मला एकदम २०१९ आठवलं, डहाणूकडे झेडपी शाळेवर होते, धुंदलवाडी पट्ट्यात आदल्या नोव्हेंबरपासून हादरे. वर्ग झाडाखाली. जरा हललं की दप्तर डोक्यावर आणि मैदानात, पोरं माझ्या शिट्टीच्या आधी बाहेर. पहिलीतला एक पठ्ठ्या बाहेर येऊन परत आत पळाला, खिचडीचं ताट राहिलं म्हणून! लिहा तुमचंही.

काठावरचा:
किल्लारी. ३० सप्टेंबर ९३, विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे चारच्या आत सगळं. मी चौथीत. आमच्याकडे माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, दरवर्षी माती टाकायचे, थरावर थर, तीच अंगावर आली लोकांच्या. आमचं गाव कडेला म्हणून वाचलो. मग कित्येक महिने पत्र्याच्या शेडात शाळा. तेव्हा कसलं ड्रिल. अजून कपाटाच्या बाजूला झोपत नाही मी, बायको हसते.

शिरोळकर:
२००५ च्या पुरात अख्खं गाव शाळेत राहिलेलं, शाळा उंचावर. २०१९ ला शाळेतच पाणी. गुरुजींनी दोन दिवस आधीच जनरल रजिस्टर, पोरांच्या नोंदींचं, प्लास्टिकच्या पोत्यात बांधून पाहुण्यांकडे पाठवलेलं, लोक हसले. नंतर घरचे कागद वाहून गेलेले सगळे दाखल्यासाठी त्यांच्याच दारात 😄

रानभाजी:
म्हशींचं काय केलंत?

शिरोळकर:
दावी कापून सोडल्या. दोन आल्या परत. आजोबा त्यांच्यासाठीच बोटीत बसेनात, शेवटी काकांनी उचलून टाकलं, तीन दिवस बोलले नाहीत काकांशी.

रानभाजी:
😢 आमच्याकडेही सेम

श्रीवर्धनची:
पत्र्यांबद्दल कोणी बोलतच नाही! निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला, शाळेचे पत्रे उडून माडाच्या झावळ्यांत अडकलेले. कोरोनामुळे पोरं घरी होती म्हणून बरं. जे हुक तेव्हा सुटले तसलेच परत लावलेत, मी दाखवलं तर म्हणे ताई बिल पास झालंय. आणि सुपारी तर विचारूच नका, बाग आडवी, घाईत लिहितेय दूध उतू जातंय

काठावरचा:
पण बाकाखाली जायचं का बाहेर पळायचं?

माईंड_इट_बाई:
आमचे वर्ग बैठे, दाराबाहेर लगेच मैदान, म्हणून बाहेर. जिना असेल तर पळायचं नाही, हलायचं थांबेपर्यंत बाकाखाली, बाकाचा पाय धरून. लेकीची शाळा तिसऱ्या मजल्यावर आहे.

रानभाजी:
त्या ताटवाल्याचं काय झालं?

माईंड_इट_बाई:
आला ना. शेजारणीचं पण घेऊन आला.