फेब्रुवारीतले तीनशे आणि बहिणीचे पंधराशे

हिशेबी_पुणेकर
माझ्या पगारातून दर महिन्याला दोनशे रुपये व्यवसाय कर जातो, फेब्रुवारीत तीनशे. पगारातूनच कापला जाणारा आयकर, म्हणजे टीडीएस, वेगळा. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना लाडकी बहीण योजनेचे दीड हजार मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण समोरच्या इमारतीतल्या वहिनींचे दोन गाळे भाड्याने आहेत, भाडं रोखीत. त्यांनाही कित्येक महिने पैसे येत होते. कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, घरात कुणी आयकर भरणारं नको, हे नियम पहिल्या दिवसापासून होते. पण २०२४ च्या विधानसभेआधी अर्ज धडाधड मंजूर झाले, छाननी निवडणूक उरकल्यावर. पगार बँकेत येतो म्हणून मी सापडतो, त्या सापडत नाहीत. हा कुठला न्याय?

फोडणी
वहिनींना सोडा, त्या खोटंच बोलल्या. पण तुमच्या लिहिण्याचा सूर असा की मावशी घेणाऱ्या आणि तुम्ही देणारे. मावशी कर भरत नाहीत हे कुणी सांगितलं? साबण, खोबरेल, टूथपेस्ट यांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के जीएसटी होता, आता ५ झालाय. मोबाइलच्या रिचार्जवर अजून १८. स्कूटीच्या पेट्रोलवर अबकारी आणि व्हॅट आहेच. त्यांचा अख्खा पगार दुकानात जातो, म्हणजे जवळपास सगळ्यावर कर. तुमचा निम्मा एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या मासिक हप्त्यात जात असेल. वर्षभरानंतर शेअर विकून झालेल्या नफ्यात सव्वा लाख माफ, पुढे साडेबारा टक्के. पगाराला वरच्या टप्प्यात तीस. घाम गाळून मिळवलेल्यावर जास्त आणि बसून मिळवलेल्यावर कमी, याचं तुम्हाला काहीच वाटत नाही?

हिशेबी_पुणेकर
वाटतं ना. पण एसआयपीतला पैसा आधी कर भरून उरलेला आहे, हे विसरू नका.

जुना_खातेदार
व्यवसाय कराचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाऊ. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमी सुरू झाली. कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. पैसा उभा करायला १९७५ साली व्यवसाय कर बसवला आणि १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क दिला. शहरातल्या पगारदाराने दिलेल्या पैशांत सरकारने तेवढीच भर घालायची, आणि त्यातून पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. माझी आई त्या कामावर खडी फोडायला जायची, हजेरीपटावर अंगठा द्यायची. त्यामुळे तुमचे दोनशे रुपये मला आजही परके वाटत नाहीत.

रोखठोक
तेच तर! तुमच्या आईने खडी फोडली, मग पैसे घेतले. गावाला तलाव मिळाला. पंधराशे रुपयांतून गावाला काय मिळालं? मतं मिळाली, ती पक्षाला.

फोडणी
ज्या बाईला पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात पैसे दिसले तिला विचारा. आणि काम करूनच पैसे घ्यायचे तर बारा लाखांपर्यंत आयकर माफ झाला, तेव्हा तुम्ही कुठली खडी फोडलीत?

रोखठोक
माझेच पैसे माझ्याकडे राहिले, त्याला खिरापत म्हणत नाहीत.

सातबारावाला
शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून इथे दर वेळी आम्हाला धरलं जातं, म्हणून आधीच लिहितो. फवारणीच्या औषधावर १८ टक्के, खतावर ५ टक्के जीएसटी भरतो. दुकानदार भरलेला कर पुढे वजा करून घेतो, आम्हाला ते दार बंद, कारण आमच्या कांद्यावर जीएसटीच नाही. आयकर माफीचा खरा फायदा शंभर एकरवाल्याला. कोरडवाहू तीन एकरांत आयकर लागावा एवढं पिकलं तर मी पेढे वाटीन.

रोखठोक
आणि युरियाची गोणी २६६ रुपयांना मिळते ती कुणाच्या जिवावर?

सातबारावाला
सरकारच्या. त्यातलं निम्मं पिकाला लागतं, निम्मं जमीन खराब करतं. तेच पैसे भावात द्या, युरिया महाग करा. माझी हरकत नाही, शेजाऱ्याची असेल.

जुना_खातेदार
सगळे आयकरावर भांडताय, पण अन्याय त्या दोनशे रुपयांतच आहे. राज्यघटनेच्या कलम २७६ ने या कराला वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा घातली आहे, ती १९८८ पासून तीच. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार दहा हजारांच्या वर गेला की पूर्ण कर. बायकांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत माफी. म्हणजे अकरा हजारांचा पहारेकरी अडीच हजार देतो आणि तो ज्याच्या गाडीला सलाम ठोकतो तो डायरेक्टरही अडीच हजारच देतो. गरिबांसाठी बसवलेला कर हा!

हिशेबी_पुणेकर
हे माहीत नव्हतं. सोसायटीचा खजिनदार मीच आहे, म्हणून वॉचमनकडून पगाराची चिठ्ठी मागून पाहिली. साडेबारा हजार, कपात दोनशे. त्याच्या बायकोचे पंधराशे केवायसीत अडकलेत, आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे म्हणे. रविवारी त्याला घेऊन सेतू केंद्रात जातोय.
वहिनींबद्दलचं मत मात्र तेच.

फोडणी
वहिनींबद्दल माझंही तेच आहे. रेशनकार्ड घेऊन जा, नाहीतर परत पाठवतील.